तेजोमेघाचा रंग खरा की रंगवलेला?

हबल किंवा जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले एखाद्या तेजोमेघाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले की वाचकांचे दोन तट पडतात. एकाचे ते पाहून भान हरपते. दुसरा म्हणतो, यात काही अर्थ नाही, हे रंग कॉम्प्युटरवर भरलेले असतात. दुसऱ्या तटाचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे आणि तो कोणालाही तपासता येतो. उदाहरणार्थ, म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर गावालगत एकाकी उठलेला एक डोंगर आहे, माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. उत्तर अक्षांश साधारण साडेबारा, म्हणजे पुण्याहून सहा अंश दक्षिणेला. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास तिथल्या आकाशात मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर येते. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधुक रेघ दिसते. तिच्या मधल्या ठिपक्यावर लहान दुर्बीण रोखली की दिसतो तो मृगातला तेजोमेघ. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए याने १७६९ मध्ये त्याला आपल्या यादीत ४२ वा क्रमांक दिला. चित्रात गुलाबी, जांभळा, हिरवट दिसणारा हा मेघ दुर्बिणीत मात्र राखाडी दिसतो, काचेवर धरलेल्या वाफेसारखा. मग खरे काय मानायचे, डोळा की चित्र?

माझे म्हणणे असे की इथे डोळा अपुरा आहे आणि रंग खरा आहे. एवढेच नव्हे, तर तेजोमेघांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे त्यातले बहुतेक सारे या रंगातूनच कळले आहे. रंग ही तेजोमेघाची सजावट नसून त्याची साक्ष आहे, आणि ती साक्ष नोंदवण्यात पुण्याचाही वाटा आहे.

आधी डोळ्याचे पाहू. आपल्या नेत्रपटलात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंगाची जाण नसते. अंधारात वीस-तीस मिनिटे थांबल्यावर आपण जे पाहतो ते जवळजवळ सारे दंडपेशींच्या जोरावर. या पेशी ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत त्या जवळपास आंधळ्या असतात. मृगातल्या तेजोमेघातून येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा मोठा भाग मोजक्या ठरावीक तरंगलांबींत एकवटलेला आहे. त्यातल्या दोन प्रमुख म्हणजे हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा आणि ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा. तांबडी रेषा दंडपेशींना जाणवतच नाही. हिरवी मात्र त्यांच्या सर्वात तीक्ष्ण टप्प्यात पडते. म्हणजे डोंगरमाथ्यावर उभे राहून जो राखाडी धूसरपणा दिसतो तो मुख्यतः हिरवा प्रकाश असतो. डोळ्यापर्यंत तो पोहोचतो, फक्त त्याचा रंग मेंदूला कळवणारी यंत्रणा त्या वेळी झोपलेली असते. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून पुष्कळ प्रकाश एकत्र झाला की शंकूपेशी जाग्या होतात आणि मेघाच्या मध्यभागी हिरवट झाक दिसते. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. डोळा सेकंदाच्या एका अंशापुरताच प्रकाश साठवतो, कॅमेरा तासन्‌तास साठवू शकतो. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हापासून हा फरक माणसाच्या हाती आला.

ही हिरवी रेषा कोठून येते, या प्रश्नाने खगोलशास्त्रज्ञांना साठाहून अधिक वर्षे झुंजवले. १८६४ पर्यंत तेजोमेघ म्हणजे काय हेच ठरले नव्हते. अतिशय दूर असल्यामुळे सुटे न दिसणारे ताऱ्यांचे पुंजके, असे पुष्कळांचे मत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याचा प्रकाश असता तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसायला हवा होता. दिसल्या त्या काळोखात चमकणाऱ्या सुट्या रेषा. अशा रेषा फक्त विरळ, तप्त वायू देतो. गॅसच्या ज्योतीवर मिठाचे दाणे टाकले की ज्योत पिवळीधमक होते, ती सोडियमची रेषा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा अशा ठरलेल्या असतात. एका रात्रीत तेजोमेघ वायूचा ठरला, आणि तो ठरला फक्त रंगावरून. पण सर्वात ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना.

इथे नॉर्मन लॉक्यर यांचे नाव येते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही हिरवी रेषा म्हणजे उल्कांतल्या मॅग्नेशियममुळे उमटणाऱ्या पट्ट्याची कड, असा सिद्धांत त्यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. लॉक्यर हे मोठे नाव, ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक. हगिन्स यांचा या सिद्धांताला विरोध होता. वाद मिटवायचा तर ती रेषा बारकाईने पाहायला हवी होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला ठळक असतो आणि दुसऱ्या कडेकडे विरत जातो. खरी रेषा दोन्ही बाजूंनी धारदार असते. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून एक वेधशाळा उभी राहिली होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली परावर्तक दुर्बीण आणि उत्तम वर्णपटदर्शक हाताशी असलेल्या नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ही मुख्य रेषा वेगवेगळ्या परिस्थितींत तपासली. रेषा प्रत्येक वेळी धारदारच दिसली. विरणारी कड कुठेच नव्हती. हा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत कीलर यांची काटेकोर मोजमापेही लॉक्यर यांच्या विरोधातच गेली, आणि उल्कांचा सिद्धांत मागे पडला. पुण्याच्या त्या वेधशाळेचे दार १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर बंद झाले, दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. पुण्याच्या इतिहासाबद्दल एवढे लिहिले-बोलले जाते, त्यात या माणसाला आणि या कामाला मिळणारी जागा फार थोडी आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. एका राखाडी धुक्यातून आलेल्या बारीक हिरव्या रेषेची कड धारदार आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. पण त्यासाठी लागणारा धीर आणि नजर जगात फार थोड्यांकडे होती, त्यांतले एक पुण्यात होते.

एक हरकत इथे रास्तपणे घेता येईल. रेषा मॅग्नेशियमची नाही हे ठरले, पण मग कशाची? शास्त्रज्ञांनी तेव्हा सरळ एक नवे मूलद्रव्य कल्पिले आणि त्याला ‘नेब्युलियम’ असे नाव दिले. असे मूलद्रव्य अस्तित्वातच नव्हते. तर मग रंगाच्या साक्षीवर भरवसा कसा ठेवायचा? या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या विजयदुर्गाच्या आधाराने देता येते. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध १८६८ मध्ये इथेच लागला असे सांगतात. घटनाक्रम वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरला केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लॉक्यर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरची एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि तिच्यामागे नवे मूलद्रव्य असल्याचा तर्क केला. विजयदुर्गावर लॉक्यर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी नायगमवालांची तुकडी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होती. नेब्युलियमच्या प्रश्नात विजयदुर्गाची गोष्ट महत्त्वाची ठरते ती हेलियममुळे. तिथेही आधी फक्त एक बेवारस रेषा होती. त्या वेळीही पुष्कळांनी शंका घेतली. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडले आणि तर्क खरा ठरला. म्हणजे अनोळखी रेषेवरून नवे मूलद्रव्य कल्पिणे ही भाबडी चूक नव्हती. एकदा ती वाट बरोबर ठिकाणी पोहोचली होती. दुसऱ्या वेळी ती पोहोचणार नाही हे कळायला आवर्त सारणी नीट भरावी लागली. मोझली यांच्या अणुक्रमांकांवरच्या १९१३ च्या कामानंतर हलक्या मूलद्रव्यांच्या रांगेत नव्या पाहुण्याला जागाच उरली नाही. रेषा खोटी नव्हती, तिचा अर्थ लावायचा राहिला होता.

तो अर्थ १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात आयरा बोवेन यांनी लावला, आणि तो नेब्युलियमपेक्षा कितीतरी चकित करणारा आहे. ती रेषा आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनची होती. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, आणि तीही अशा उडीतून निघालेली जी प्रयोगशाळेत दिसत नाही. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की सहसा सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात खाली येतो आणि प्रकाश देतो. ऑक्सिजनच्या या विशिष्ट पातळीतून खाली यायला मात्र त्याला सरासरी अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. अणूंच्या जगात ही वाट पाहणे प्रदीर्घ आहे. पृथ्वीवर तेवढ्या वेळात त्या अणूला दुसऱ्या कणांच्या असंख्य धडका बसतात, ऊर्जा त्या धडकांतच निघून जाते आणि प्रकाश उमटतच नाही. समुद्रसपाटीच्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. मृगातल्या तेजोमेघाच्या सर्वात दाट, उजळ भागातही तेवढ्याच जागेत कण असतात दहा हजारांच्या घरात. आपण ज्याला चांगली निर्वात पोकळी म्हणतो तिच्याहूनही ते विरळ आहे. तिथे अणूला धक्का न लागता थांबायला मोकळीक मिळते, आणि तो थांबतो, मग हिरवा प्रकाश सोडतो. तेजोमेघ हिरवट का, याचे उत्तर म्हणून हाती आली ती पोकळी किती पोकळ आहे ही गोष्ट.

याच रेषेत आणखी पुष्कळ काही नोंदलेले आहे. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उपटायला अतिशय प्रखर अतिनील प्रकाश लागतो. सूर्यासारखा तारा ते करू शकत नाही. म्हणून हिरवा रंग जिथे जास्त, तिथे जवळपास फार तप्त तारा आहे असे धरता येते. मृगाच्या मेघात मध्यभागी चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन आहे. त्यातल्या सर्वात तप्त ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान ४० हजार केल्विनच्या जवळपास आहे. त्याच्या भोवती हिरवट गाभा, आणि बाहेर, जिथे त्या ताऱ्याची ऊर्जा उणावत जाते, तिथे हायड्रोजनची तांबडी किनार. चित्रात ज्या रंगछटांनी मन वेडावते, त्या म्हणजे ताऱ्याची ऊर्जा कुठवर पोहोचली याचा नकाशा आहे. ऑक्सिजनच्याच दुसऱ्या एका क्षीण रेषेशी या हिरव्या रेषेची तुलना केली की वायूचे तापमानही काढता येते. ते दहा हजार केल्विनच्या आसपास निघते. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या वस्तूला थर्मामीटर लावण्याची ही रीत आहे. याउलट कृत्तिकांच्या भोवतीचा निळसर धुरकटपणा घ्या. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ स्लायफर यांनी १९१२ मध्ये त्याचा वर्णपट घेतला तेव्हा तिथे चमकत्या रेषा नव्हत्या. तो वर्णपट त्या ताऱ्यांसारखाच निघाला. म्हणजे तिथला मेघ स्वतः उजळत नाही, त्यातली धूळ ताऱ्यांचाच प्रकाश विखुरते. दोन तेजोमेघ, दिसायला सारखेच धूसर, पण एक वायू आणि एक धूळ, हे सांगितले रंगाने.

दीर्घिकांचा प्रश्नही असाच सुटत गेला. देवयानीतला मोठा मेघ हगिन्स यांच्या वर्णपटदर्शकात हिरवी रेषा देत नव्हता, सलग पट्टा देत होता. तो वायूचा नाही, ताऱ्यांचा असावा, हा इशारा तिथेच होता. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबल यांना त्यात अंतर मोजायला उपयोगी पडणारा रूपविकारी तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली; तिचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. एकाच यादीत ‘तेजोमेघ’ म्हणून बसवलेल्या दोन सर्वस्वी निराळ्या वस्तू. एक आपल्या शेजारचा वायू, दुसरी अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. त्यांना वेगळे करणारा पहिला पुरावा आकाराचा नव्हता, रंगाचा होता.

आता सर्वात अवघड हरकत. ‘सृष्टीचे स्तंभ’ म्हणून गाजलेल्या, हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या चित्रात हायड्रोजनचा तांबडा प्रकाश हिरवा दाखवला आहे, ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश निळा, आणि गंधकाचा तांबडा प्रकाश तांबडा. इथे रंग बदललेले आहेत, हे मान्यच करायला हवे. पण का बदलले? हायड्रोजनची रेषा ६५६ नॅनोमीटरला आणि गंधकाची जोडरेषा ६७२ च्या आसपास. दोन्ही तांबड्या. जसेच्या तसे दाखवले तर दोन वेगळे वायू एकाच लाल डागात मिसळून जातील आणि चित्रात खरेखुरे असलेले वेगळेपण हरवेल. म्हणून तरंगलांबींचा क्रम तोच ठेवून, सर्वात लांब तांबडी आणि सर्वात आखूड निळी, असे त्यांतले अंतर वाढवले. आकार, उजेड, काळोखाच्या कडा, कुठे कोणता वायू, यांतले काहीच बनावट नाही. मला दोष दिसतो तो दुसरीकडे: असे चित्र ‘अवकाशाचे छायाचित्र’ एवढ्याच मथळ्याखाली छापणे आणि कोणत्या गाळणीतून आलेला प्रकाश कोणत्या रंगाने दाखवला हे न सांगणे. दोन ओळींची टीप पुरेशी असते. ती गाळली की चित्र पाहणाऱ्याची फसगत होते, आणि मग त्याने सगळेच खोटे ठरवले तर त्याला बोल लावता येत नाही.

‘खरा रंग’ या कल्पनेची कसोटी लागते ती पुण्यातूनच जगापुढे आलेल्या एका शोधात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या निरीक्षणांतून अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका शोधली. हा शोध २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. विश्व सुमारे दीड अब्ज वर्षांचे असतानाची ती आपल्याला दिसते. इतक्या लवकर अशी सुघड, दोन ठळक बाहूंची दीर्घिका तयार झालेली असेल, हे अपेक्षेच्या पलीकडचे होते. विश्वाच्या प्रसरणामुळे तिच्याकडून निघालेला प्रकाश पाचपट ताणला गेला आहे. तिथून ५००.७ नॅनोमीटरला निघालेला हिरवा प्रकाश आपल्यापर्यंत अडीच हजार नॅनोमीटरच्या पुढे, अवरक्त होऊन येतो. डोळ्याला तो दिसणे शक्यच नाही. मग या दीर्घिकेचा खरा रंग कोणता, निघतानाचा की पोहोचतानाचा? पोहोचतानाचा धरला तर तिचे चित्र काढणेच अशक्य. निघतानाचा धरला तर त्या अवरक्त प्रकाशाला रंग देणे म्हणजे हरवलेला रंग परत मिळवणे. वेगवेगळ्या २१ गाळण्यांतून तिचा उजेड मोजला, आणि त्यावरून तिचे अंतर व ताऱ्यांचे वस्तुमान काढले. डोळ्याचे तीन रंग तिथे अपुरे पडले असते.

इतके सगळे कळल्यावर सौंदर्य उरते का, असे विचारणारेही आहेत. माझ्या मते ते वाढते. बेट्टदपुरच्या डोंगरावरून मृगाकडे पाहणाऱ्याला हे ठाऊक असेल की डोळ्यात शिरणारा तो फिकट उजेड म्हणजे ऑक्सिजनच्या अणूंनी कोणाचाही धक्का न लागता अर्धा-पाऊण मिनिट थांबून सोडलेला प्रकाश आहे, तर त्याच्या राखाडीपणातही त्याला पाहण्यासारखे खूप काही सापडेल. त्या डोंगराचा आणखी एक फायदा आहे. मार्च-एप्रिलच्या रात्री दक्षिण क्षितिजावर कराइना तेजोमेघ पुण्यातून जेमतेम साडेअकरा अंश वर येतो, या डोंगरावरून साडेसतरा.

मात्र हे सारे दिसण्यासाठी आकाश काळे राहायला हवे, आणि इथेही प्रश्न रंगाचाच आहे. जुन्या सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश पिवळ्या-नारिंगी भागात एकवटलेला असे. हौशी निरीक्षक दुर्बिणीला ऑक्सिजनच्या रेषेपुरती गाळणी लावत आणि तो उजेड बाजूला सारत. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला असतो. ५०० नॅनोमीटरच्या खिडकीतूनही तो आत शिरतो. तीच खिडकी अंधाराला सरावलेल्या डोळ्याची सर्वात तीक्ष्ण जागा आहे, त्यामुळे तोटा दुहेरी होतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये काळोखे आकाश जपणारे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. लडाखमधल्या हानले परिसराला संरक्षण मिळाले आहे ते २०२२ पासून. पण लहान गावांना त्यासाठी कुठल्या मान्यतेची वाट पाहायची गरज नाही. बेट्टदपुरसारख्या गावात रस्त्यावर आणि देवळाच्या पायऱ्यांवर नवे दिवे बसवताना दोन गोष्टी मागून घेता येतात: उजेड फक्त खाली पाडणारे वरचे झाकण, आणि ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचा पिवळसर एलईडी. दोन्ही बाजारात मिळतात.